काठोऱ्याची लाल रेघ

धुळे,
२८ मार्च १९९३

प्रिय लीलाधर,

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. त्यात जे विचारलं आहेस त्याचं उत्तर एका ओळीत देता येण्यासारखं नाही, म्हणून इनलँड बाजूला ठेवून चांगले पाठपोट कागद घेऊन बसले आहे. बाहेर ऊन असं आहे की आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सर्वेक्षणाची दुसरी फेरी, सगळ्या गावांची, कालच संपली. पायांना सूज आहे, टाचा फुटल्या आहेत, पण चालण्याचा शीण एखाद्या आठवड्यात उतरेल. माणसांना उत्तरं देऊन देऊन जो आला आहे, तो उतरेलसं दिसत नाही. अक्का आतल्या खोलीत पडली आहे. झोपलेली नाही, मधूनमधून बांगड्या वाजतात तिच्या.

काठोऱ्यात जे झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असणार. कुणी सुरतेला लग्नाला आलं त्यानं थोडं सांगितलं असेल, कुणी गाडीत भेटलं त्यानं थोडं. प्रत्येकानं आपापल्या सोयीचं सांगितलं असेल. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. तुझं गाव आहे, अक्का तुझी बहीण आहे, तुला सगळं माहीत असायला हवं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागाकडे तापीकाठच्या जमिनी तपासायचं काम आलं. कुठली जमीन माणसांचा किती भार सोसेल ते पाहायचं आणि नकाशात तीन रंग भरायचे. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे आता इथं आणखी काही लादू नका, आहे तेच निसटायला लागलंय. उतार मोजायचा, माती किती खोल आहे ते पाहायचं, झाडं किती उरली, गुरं किती चरतात, नदीवरून किती मोटारी पाणी ओढतात, सगळं टिपायचं. गावांच्या यादीत काठोरे होतं. मी ते मागून घेतलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला देता आलं असतं, तेही केलं नाही. कॉलेजात असताना तुझ्याबरोबर एका आखाजीच्या सणाला आले होते, त्यानंतर ते गाव मी पाहिलंच नव्हतं.

गावात शिरले तर पहिली अक्काच दिसली. दारात बसून तुरी पाखडत होती. मी नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "वाळी गयी तू." इतकंच. मग चहा टाकला. तुझ्या काकांनी आपल्या लग्नाला नाही म्हटलं तेव्हा तू काही बोलला नाहीस, मीही काही बोलले नाही. त्या सगळ्या मोठ्या माणसांत अक्काच तेवढी ते न पटून उठून आत गेली होती, हे मला त्या चहाच्या वेळी आठवलं. रागावून लिहीत नाहीये. ते आता इतकं जुनं झालं आहे की दुखतही नाही. थकले की आठवतं, एवढंच.

तुला तुमच्या गावामागची घळ आठवते ना. तुम्ही पोरं तिथं बोरं काढायला जायचात. तेव्हा ती पार मळ्यांच्या पलीकडे होती आणि तिच्या दोन्ही कडांवर बाभळींचं रान होतं. तापीकाठची ती पिवळी माती फसवी आहे, लीलाधर. कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते. पाणी मुरलं की गुळासारखी विरघळते. बाभळींची मुळं आणि कुसळी गवत होतं तोवर ती धरलेली होती. मी गेले तेव्हा बाभळी वीटभट्ट्यांत जाऊन संपल्या होत्या आणि घळीची अर्धीअधिक वरची बाजू बुलडोझरनं भरून सपाट केलेली होती. वर केळी उभी. इतकी हिरवीगार की परका माणूस म्हणेल, काय सोन्यासारखी जमीन आहे.

पहिली सपाटी हिलालनं केली. तुमच्या शेजारचा हिलाल, बेबाबाईचा मुलगा. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण तुझ्या कानावर वेगळं आलं असेल. त्यानं मला स्वतः सगळं शेत फिरून दाखवलं. म्हणाला, "मॅडम, वाटण्या होऊन माझ्या वाट्याला ही घळच आली. घळीत काय पेरू? ती दरवर्षी हातभर शेत खाते. मी म्हटलं, ती मला खाण्याआधी मीच तिला बुजवतो." यात खोटं काय होतं? नदीवरून पाइप आणून त्यानं केळी उभी केली, माल ट्रकात भरून रावेरच्या व्यापाऱ्याकडे गेला, ते पाहून बाकीच्यांनीही बुलडोझर आणले. मी त्याला सांगितलं की ही भर पोकळ आहे, खाली पाण्याची जुनी वाट तशीच आहे, वरून तू रोज पाणी देतोस. तो हसला नाही. उलट विचारलं, "मग काय करू?" मी म्हटलं, बांध घाल, झाडं लाव, केळीऐवजी गवत ठेव. गवतावर घर चालत नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

नकाशा तयार झाला. लाल रेघ घळीच्या तोंडापासून निघून हिलालचं शेत, त्याचं खळं, तुमचं घर आणि तुमची सगळी गल्ली आत घेऊन वळली. मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. लोक चिडतील असं वाटलं होतं, पण ते कशावर चिडतील हे मला कळलं नव्हतं. त्यांना घळीची भीती नव्हती, रंगाची होती. वरच्या गल्लीतले रतिलालभाऊ उठून म्हणाले, "तुम्ही आमचं गाव लाल केलं तर आमच्या पोरांना पोरी कोण देईल?" आणि तसंच झालं. त्यांच्याच मुलाची फैजपूरकडची सोयरीक मोडली. पाहुण्यांनी कुठूनतरी ऐकलं, की हे गाव नदीत जाणार आहे. रतिलालभाऊ माझ्या घरी धुळ्याला आले. त्यांचं घर रेघेच्या जेमतेम बाहेर होतं. रेघ आणखी बोटभर लांब घ्या म्हणाले. आवाज चढवला नाही, हात जोडले. मी चहा दिला आणि नाही म्हटलं. पायऱ्या उतरताना ते भिंतीला धरून उतरले. तेव्हापासून गावात माझं नाव 'लाल मॅडम' पडलं.

त्या बैठकीत अक्का बायकांच्या मागं बसली होती. सगळे उठल्यावर ती पुढं आली, नकाशावर वाकली आणि विचारलं, "हाई रेघ मन्हा घरवरतीन जास का?" मी हो म्हटलं.  "शे ते शे," म्हणाली. "तू काढ तुनी रेघ. पन मी आठेच ऱ्हासू." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला असं समजू नकोस. तिचा विश्वास नव्हताच. माझ्या कामात ढवळाढवळ करायची नाही आणि मलाही तिच्या घरात करू द्यायची नाही, तिथंच राहायचं, असा तिचा साधा हिशेब होता.

अहवाल वर गेला. पावती आली. पुढं काही झालं नाही. दोन पावसाळे गेले, गाव जागच्या जागी राहिलं, आणि मी घळ किती सरकली ते मोजायला तिच्या तोंडाशी ठोकलेल्या सळया पाहायला गेले की पोरं लांबून 'लाल मॅडम, कधी बुडणार' असं ओरडायची. मला त्यांचा राग यायचा नाही. मीही मनात म्हणायचे, बरं झालं, माझं चुकलेलं दिसतंय. खरंच म्हणायचे. आपण चुकावं असं वाटायला लावणारं काम फार दिवस करू नये, लीलाधर. माणूस आतून झिजतो.

मागच्या भाद्रपदात, गौरी गेल्या त्या आठवड्यात, पाऊस लागून राहिला. हे पुढचं मी पाहिलेलं नाही. अक्कानं इतक्या महिन्यांत कधी भाकरी थापताना, कधी लुगडं वाळत घालताना थोडं थोडं सांगितलं, ते जोडून लिहिते. दुपारची वेळ होती. लोक जेवायला बसले होते. हिलाल शेतातून धावत आला आणि गल्लीच्या टोकापासून ओरडत सुटला, "निंघा, निंघा." भरलेल्या घळीतलं पाणी खालून फुटलं होतं आणि केळीचं शेत उभंच्या उभं खाली बसत होतं. अक्का बाहेर आली आणि गाय सोडायला परत मागं वळली. परसातली जमीन तेव्हा हलायला लागली होती. हिलालनं तिला पाहिलं. त्याची आई, बेबाबाई, त्याच वेळी पलीकडे खळ्यातल्या छपरात भुईमूग निवडत बसली होती. तिला कमी ऐकू यायचं. हिलालला अक्का जवळ पडली. तो परसात शिरला, तिला दंडाला धरून ओढत रस्त्यावर आणलं आणि खळ्याकडे वळला. तिथं खळं नव्हतं. छप्पर नव्हतं, निंब नव्हता. तुमच्या घराची मागची भिंत आणि गोठा खळ्यापाठोपाठ गेला.

बेबाबाई दुसऱ्या दिवशी सापडली, घळ जिथं तापीला मिळते तिथं.

मी पोचले तेव्हा एस.टी. फाट्यापर्यंतच जात होती. तिथून चिखलातून चालत गेले. शाळेच्या ओट्यावर सगळी गल्ली बसलेली होती.  'तुम्ही सांगितलं होतं' असं कुणी म्हणेल याची मला फार भीती वाटत होती, पण कुणी म्हटलं नाही. अक्का कोपऱ्यात होती, हातात पितळी तांब्या. तेवढाच हाती लागला होता. मी जवळ गेले तर ती उठली आणि म्हणाली, "चाल."  मी तिला बोलवायला गेले नव्हते, खरं तर का गेले होते तेही मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी चालत फाट्यावर आलो आणि धुळ्याच्या गाडीत बसलो. तुला तार मी केली ती त्याच संध्याकाळी. तुझ्या कारखान्यात तेव्हा टाळेबंदी होती, पैशाची ओढाताण होती, तुला निघता आलं नाही, हे अक्काला मी समजावून सांगितलं आणि तिनं ते खरंच समजून घेतलं आहे.

पहिले दोन महिने ती फार बोलली नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी करायची, माझा डबा भरायची, दुपारी दारात बसायची. केळी आणली तर पाटी बाजूला सरकवून ठेवायची. एकदा रात्रीच्या भांड्यांशी बसली असताना आपणहून म्हणाली, "तो माले काढाले उना, तेवढामा बेबा गयी." मी म्हटलं, अक्का, यात तुझा काय दोष?  दोषाबद्दल ती बोलतच नव्हती. फक्त जे झालं ते सांगत होती.

दिवाळीनंतर माझा जुना अहवाल कुणीतरी फडताळातून काढला. साहेब लोक आले, फोटो काढले, वरच्या माळावर नवं गावठाण बसवायचं ठरलं. लाल रेघेच्या आतल्या घरांना तिथं जागा. मग काय झालं असेल तू ओळखलं असशीलच. ज्यांना रेघ लांब हवी होती त्यांना आता तिच्या आत यायचं होतं. मी दुसऱ्या फेरीसाठी गेले तेव्हा रोज कुणीतरी वाटेत उभं असायचं. रतिलालभाऊ पुन्हा आले, पुन्हा हात जोडले. त्यांच्या घराला भेग पडली आहे म्हणाले. मी पाहिली. ती घळीमुळे पडलेली नव्हती, जुन्या पायामुळे होती, पण रेघ आपणहूनच सरकली होती. घळ तिकडे सरकली होती, म्हणून त्यांचं घर यंदा आत आलं. त्यांना वाटलं मी उपकार केला. मी त्यांना तसं नाही हे पटवून सांगायला बसले आणि मध्येच थांबले. तेवढी ताकद उरली नव्हती.

हिलाल एकटाच काही मागायला आला नाही. पत्र्याच्या निवाऱ्यात राहतो, बायको प्रमिला आणि दोन लहान मुली. या महिन्याच्या सुरुवातीला, काठोऱ्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, मी सळया मोजत होते तिथं आला आणि शेजारी उकिडवा बसला.  मग विचारलं, "मॅडम, मी घळ बुजवली नसती तर माय जगली असती का?"

मला खोटं बोलता आलं असतं. घळ कधी ना कधी येणारच होती, असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण त्यानं मला गावातल्या कुणापेक्षाही मनापासून विचारलं होतं. मी म्हटलं, "हिलालभाऊ, घळ आली असती. पण इतक्या लवकर नाही. बहुतेक तुमच्या आईच्या हयातीत नाही." त्यानं मान हलवली. मातीचं एक ढेकूळ उचलून चुरलं. "बठ्ठा लोक म्हनतस, तुना काही दोष नही," तो म्हणाला. "तुम्ही तरी खरं सांगितलं." उठून गेला.  माझ्या आकड्यांचा एवढ्या वर्षांत कुणाला झालेला उपयोग हा एवढाच.

घरी येऊन मी अक्काला हे सांगितलं. ती माझ्यावर चिडली. मी तिला चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुले खोटं बोलता येत नही का?" म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि एकटी काठोऱ्याच्या गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, आता ही परत यायची नाही. आठवड्यानं आली. हातांना चुलीचे चटके होते. ती हिलालच्या निवाऱ्यात राहून आली होती. प्रमिला दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते, हिलाल जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, लहान मुलगी अजून अंगावर पिते. घरात मोठं माणूस नाही. अक्कानं तिथं भाकरी केल्या, मुलींना न्हाऊ घातलं आणि हिलालला म्हणे समोर बसवून जेवायला लावलं. त्याला काय सांगितलं ते मला तिनं सांगितलं नाही. 

आता तुझ्या कार्डाकडे येते. तू लिहिलं आहेस की आखाजीच्या आधी येतो आणि अक्काला कायमची सुरतेला नेतो, तुझ्या बायकोची, चंद्रकलाचीही तयारी आहे, खोली मोकळी केली आहे. कार्ड मी तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं, मग ते उशीखाली ठेवलं. काल संध्याकाळी म्हणाली, "लीलूले वाईट वाटी. माले सांगता येवाव नही. तू लिख." म्हणून लिहिते. ती येणार नाही, लीलाधर. नव्या गावठाणात तिला जागा मिळाली आहे, ती तिनं हिलालच्या जागेला लागून मागून घेतली आहे, आणि आखाजीच्या दिवशी तिथं चूल मांडायची म्हणते. तू मनाला लावून घेऊ नयेस म्हणून हेही सांगून टाकते, की मी तिला इथंच राहा म्हटलं होतं. एकदा नाही, चारदा म्हटलं. सहा महिन्यांत मला घरी कुणी वाट पाहत असल्याची सवय लागली आहे, आणि या वयात लागलेली सवय सुटायला जड जाते. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मलाही नाही म्हटलं. तेव्हा तुला एकट्यालाच नकार आला असं समजू नकोस. तिथल्या घरांच्या भिंती झाल्या आहेत, पत्रे चढवायचे राहिले आहेत, आणि हिलालला अजून एकट्यानं कामाला हात घालवत नाही. तू आखाजीला ये, जरूर ये. फक्त तिला न्यायला येऊ नकोस, पोचवायला ये. मी सामान बांधून ठेवते; तिघं मिळून जाऊ.

तुझी जुनी मैत्रीण, आणि आखाजीपर्यंत तरी अक्काची सोबतीण,
पुष्पा